कल्याणापलीकडचे जोडकाम

कल्याण जंक्शनाच्या पुढे नाशिककडे जाणारा फाटा डावीकडे सोडून पुण्याचा लोहमार्ग दक्षिणेकडे वळला, म्हणजे विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक येतात. आणि एवढ्या थोड्या अंतरात शिलाहारकालीन एक देवालय, महायुद्धातील लष्करी छावणीवर वसलेले निर्वासितांचे नगर, काडेपेटीपासून युद्धसाहित्यापर्यंत नाना वस्तू घडवणाऱ्या कारखान्यांची वसाहत, आणि चंदेरीच्या डोंगररांगेखाली भातखाचरांवर चढत गेलेल्या इमारतींचे गाव, अशा परस्परांशी काडीचाही मेळ नसलेल्या गोष्टी डोळ्यांसमोरून इतक्या झपाट्याने सरकतात की, या मुलखाचे चित्र काढायचे तर चित्रकाराने नेमके कोठे उभे राहावे, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. गेल्या दीडशे वर्षांत या प्रश्नाला जी उत्तरे मिळाली, त्यांचा मागोवा घेण्याचा येथे विचार आहे. माझे मत आरंभीच सांगून टाकतो. या पट्ट्याचे खरे चित्र एका दृष्टिक्षेपात सापडत नाही. ते तुकडे गोळा करून जोडावे लागते, आणि हे जोडकाम चित्रकलेची गौण बाजू नसून तिचा गाभा आहे.

प्रथम देवालय. वालधुनी नदीच्या काठी स्थानिक काळ्या दगडात उभारलेले अंबरनाथचे शिवालय लोकांच्या तोंडी हेमाडपंती म्हणून रूढ झालेले असले, तरी हेमाद्री पंडित यादवांच्या कारभारात येण्यापूर्वी सुमारे दोनशे वर्षे ते उभे होते. त्याच्या उत्तरेकडील दाराच्या तुळईवर जो शिलालेख आहे, त्यात शिलाहार नृपती माम्वाणी याचे, आणि त्याचा पूर्वाधिकारी बंधू छित्तराज याचे नाव येते. आणि छित्तराजाने आरंभिलेले काम माम्वाणीच्या अमलात तडीस गेले असावे, असा त्याचा अर्थ विद्वानांनी लावला आहे. हा लेख प्रथम वाचला डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी, आणि त्यांना त्यात शके ७८२ दिसले; पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो पुन्हा बारकाईने तपासून शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असे वाचन निश्चित केले. झिजलेल्या दगडावरील एका अंकाने इतिहासात दोनशे वर्षांची तफावत पाडली होती. कलेच्या इतिहासात तुकड्याची योग्यता काय असते, हे समजण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही.

या देवालयाची रचना भूमिज पद्धतीची आहे, आणि भूमिज शिखराची कल्पनाच मुळी जुळणीची आहे. चार दिशांना खालून वर चढत जाणाऱ्या चार लता, आणि त्यांच्या मधल्या जागांत त्याच शिखराच्या लहान लहान प्रतिकृतींच्या रांगा एकावर एक रचलेल्या, असे त्याचे विधान असते. म्हणजे जे संपूर्ण शिखर आपण पाहतो, ते स्वतःच्याच आकृतीच्या अनेक तुकड्यांनी बनलेले असते. अंबरनाथचे शिखर आज अपुरे आहे, आणि पायऱ्या उतरून ज्या खोल गर्भगृहात आपण जातो त्यात उजेड वरून, आभाळातून, थेट येतो. पण बाहेरच्या भिंतीच्या एखाद्या कोपऱ्याशी थोडा वेळ थांबून पाहावे. भिंत म्हणून जी काही वस्तू आहे ती सलग कोठेच नाही. ती हातभर पुढे येते, वीतभर मागे सरते, पुन्हा पुढे येते. प्रत्येक कंगोऱ्यावर सकाळी एक सावली असते आणि दुपारी दुसरी. एका मूर्तीचा चेहरा दिसतो तेव्हा शेजारच्या मूर्तीचा फक्त खांदा दिसतो, आणि तो चेहरा पाहण्यासाठी दोन पावले बाजूला सरावे, तर पहिली मूर्ती कंगोऱ्याआड जाते. चुन्यावाचून एकमेकांवर बसवलेल्या दगडांच्या सांध्यांची घडवणाऱ्यांनी लपवाछपवी केलेली नाही. एखाद्या आकृतीच्या कमरेतून आडवा सांधा गेला आहे, तर तो गेला आहे. हजार वर्षांपूर्वीच्या त्या पाथरवटांना संपूर्णतेची जी कल्पना होती, तीत सांधा हे वैगुण्य मानलेले नव्हते.

या देवालयापुढे आधुनिक अर्थाने शिकलेले चित्रकार प्रथम येऊन बसले ते १८६८ साली. मुंबईहून ठाण्यापर्यंत १८५३ साली आणि कल्याणपर्यंत १८५४ साली आलेला लोहमार्ग १८५६ साली खोपोलीपर्यंत पोहोचला होता, त्यामुळे अंबरनाथ मुंबईच्या आटोक्यात आले होते. आणि १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून सुरू झालेल्या कलाशाळेत एव्हाना पहिल्या काही तुकड्या तयार झालेल्या होत्या. हिंदुस्थान सरकारने प्राचीन वास्तूंची मोजमापे, छायाचित्रे आणि साचे घेण्याचे जे धोरण त्या सुमारास आखले, त्यानुसार मुंबई इलाख्यात अंबरनाथची निवड झाली, आणि कलाशाळेचे जॉर्ज विल्किन्स टेरी हे विद्यार्थ्यांना घेऊन तेथे कामाला लागले. (याच धोरणातून पुढे सांचीच्या पूर्वद्वाराचा साचा घेऊन तो लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात उभा करण्यात आला.) अंबरनाथच्या आलेखांचा उपयोग करून पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेस यांनी १८७४ साली 'इंडियन अँटिक्वेरी'त या देवालयाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि पाश्चात्त्य विद्वानांना अंबरनाथ परिचित झाले ते मुख्यतः या कागदांतून.

त्या विद्यार्थ्यांच्या हातून काय घडले असेल, हे समजून घेण्यासाठी साचा काढण्याची रीत ठाऊक असावी लागते. उठावाचे शिल्प सपाट असते तर त्यावर एकच मोठी गिलाव्याची चादर थापून ती उचलता आली असती. पण अंबरनाथची शिल्पे आतून कोरलेली आहेत, हात अंगापासून सुटे आहेत, गुडघे पुढे आलेले आहेत, आणि अशा खोलगट जागांत गेलेले प्लॅस्टर एकदा घट्ट झाले की ते अखंड निघत नाही. ओढले तर साचा मोडतो किंवा मूर्ती दुखावते. म्हणून साचा तुकड्यांनी घ्यावा लागतो. दगडाला आधी साबण वा तेलाचा पातळ हात द्यायचा, खोलगट भागात पहिला तुकडा ओतायचा, त्याची कड तासून तिच्यावर लहानशा खाचा पाडायच्या, त्या कडेला लागून दुसरा तुकडा, दुसऱ्याला लागून तिसरा, आणि सगळ्यांना कवेत घेणारे एक जाड कवच बाहेरून. मग कवच उतरवायचे, तुकडे ज्या क्रमाने सुटतील त्या क्रमाने काढायचे, प्रत्येकावर खूण करायची, आणि मुक्कामावर नेऊन त्या खाचा एकमेकींत बसवून पुन्हा ती मूर्ती पोकळीच्या रूपाने उभी करायची. ज्याने हे काम एकदा केले, त्याला आकार कसा बनतो ते बोटांनी कळते. मूर्तीकडे तो यापुढे एक देखणी वस्तू म्हणून पाहू शकत नाही. ती कोठे सुटते आणि कोठे अडते, हे त्याच्या नजरेला आधी दिसते.

मोजणीच्या आलेखांची गोष्ट याहून वेगळी नाही. तळविन्यास, उभी दर्शनी बाजू, मधून छेद घेऊन दाखवलेला अंतर्भाग, आणि एखाद्या स्तंभशीर्षाचा मोठ्या प्रमाणात काढलेला तपशील, या चार आकृत्या शेजारी शेजारी मांडल्या म्हणजे त्याला आपण देवालयाचे यथातथ्य चित्र म्हणतो. परंतु देवळात गेलेल्या कोणत्याही मनुष्याला या चारांपैकी एकही दृश्य कधी दिसलेले नसते. छतातून खाली पाहणारा, भिंत चिरून आत पाहणारा आणि स्तंभाला नाक लावून पाहणारा असे अनेक द्रष्टे त्या एका कागदावर एकत्र आलेले असतात. सरकारदप्तरासाठी, केवळ अचूकपणाच्या हेतूने केलेल्या या कामात, अनेक दृष्टिकोन एका पृष्ठावर आणण्याची जी युक्ती होती, तिचा कलेच्या दृष्टीने विचार त्या काळी कोणी केला नाही, याची मला मोठी खंत वाटते.

कारण कलाशाळेचे पुढचे वळण नेमके उलट दिशेने गेले. एक जागा निवडावी, तेथे घडवंची रोवावी, उजेड बदलण्याच्या आत एका बिंदूतून दिसणारे एकच दृश्य रंगवावे, ही शिस्त तिने दोन पिढ्यांच्या हाडीमाशी खिळवली. या शिस्तीतून महादेव विश्वनाथ धुरंधरांचे प्रसन्न रेखाकौशल्य आले, सावळाराम हळदणकरांचे जलरंगांवरील असामान्य प्रभुत्व आले. त्या परंपरेविषयी माझ्या मनात निखळ आदर आहे. परंतु कल्याणापलीकडचा प्रदेश तिच्या चौकटीत बसत नव्हता. देवालय बसे, डोंगर बसे, पावसाळ्यात हिरवीगार होणारी बदलापूरची शेते तर फारच छान बसत. पण ही तिन्ही एका डब्याच्या खिडकीतून काही मिनिटांच्या अंतराने दिसतात, आणि त्यांच्यामध्ये गिरणीचे धुराडे आणि मालधक्का असतो, ही वस्तुस्थिती त्या चौकटीबाहेर राहून जाई.

तुकड्यांची कला या काळात कलाशाळेबाहेर, घराघरांतून आणि बाजारातून चालू होती. राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना १८९४ साली गिरगावात निघाला, तेथून घाटकोपरला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. म्हणजे लक्ष्मी-सरस्वतीची ती रंगीत चित्रे पुढे या कल्याण-पुणे लोहमार्गावरच छापली जात होती. ती चित्रे घरी आणल्यावर अनेक गृहिणी त्यांना तशीच भिंतीला लावून स्वस्थ बसत नसत. देवीच्या पदराच्या जागी जुन्या शालूची जर, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी, काठाच्या जागी खऱ्या कापडाची पट्टी, असे सर्व गोंदाने किंवा सुईने त्या कागदावर बसवले जाई, आणि मग काचेच्या चौकटीत ते चित्र देवघराशेजारी लागे. जुन्या वाड्यांतून अशी चित्रे अजून पाहायला मिळतात. रंगवलेली जर आणि खरी जर यांपैकी कोणती अधिक खरी, हा प्रश्न त्या स्त्रियांनी तात्त्विक भाषेत विचारला नसेल; परंतु रंगवलेल्या चेहऱ्याशेजारी खरे वस्त्र ठेवून त्यांनी त्याचे उत्तर मात्र देऊन टाकले होते.

चित्रकलेच्या जागतिक इतिहासात हा प्रश्न ज्या वर्षी अधिकृतपणे उभा राहिला असे मानतात, ते वर्ष १९१२. पिकासोने त्या वर्षी वेताच्या विणीचे छाप असलेले मेणकापड आपल्या एका चित्रात चिकटवले आणि त्याला दोराची चौकट दिली. त्या वर्षीच्या शरदात ब्राकने लाकडाच्या नक्षीचा भिंतकागद कापून तो कोळशाच्या रेखाटनात बसवला. कोलाजची परंपरा येथून सुरू झाली, असे ग्रंथांतून सांगितले जाते. ते युरोपपुरते खरे मानायला हरकत नाही. मात्र आमच्या घरांतील त्या जरीच्या लक्ष्म्या त्याआधीच्या वा त्याच काळातल्या आहेत, आणि त्यांच्या कर्त्या स्त्रियांची नावे कोणत्याही सूचीत नाहीत, एवढे येथे नमूद केले पाहिजे.

अंबरनाथच्या वाट्याला या कागदी जगाचा एक खास अंश आला. स्वीडिश भांडवलावर १९२३ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया मॅच कंपनीचा, म्हणजे लोकांच्या बोलीतल्या 'विमको'चा, कारखाना येथे उभा राहिला, आणि आजही त्या भागाला विमको नाका म्हणतात. काडेपेटीवरचा छाप हा हिंदुस्थानातील सामान्य माणसाच्या खिशात गेलेला पहिला रंगीत चित्रतुकडा होय, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. मुले ते छाप पाण्यात भिजवून सोडवीत, वहीत डकवीत, एकमेकांत बदलीत. जहाजाशेजारी वाघ, वाघाशेजारी देवता, अशा त्या वह्या होत.

आणखी एका धंद्याचा उल्लेख करायला हवा, कारण त्याच्याशी या पट्ट्यातील अनेकांचे पोट बांधलेले होते. कलाशाळेत १९३५ च्या सुमारास जाहिरातकलेचा स्वतंत्र विभाग निघाला, तो १९६१ साली वेगळी संस्था झाला, आणि मुंबईच्या जाहिरातसंस्था, छापखाने व मासिके यांना आर्टिस्ट नावाचा नोकरवर्ग मिळू लागला. संगणक येण्यापूर्वी या वर्गाचे मुख्य काम 'पेस्ट-अप' हे होते. जाड पांढऱ्या बोर्डावर निळ्या पेन्सिलीने चौकट आखायची, मजकुराचे ब्रोमाईड कटरने कापायचे, त्याच्या पाठीला रबर सोल्युशन लावायचे, टी-स्क्वेअर धरून ओळ सरळ बसवायची, छायाचित्राची जागा सोडायची, वर बटर पेपर लावून त्यावर रंगांच्या सूचना लिहायच्या. छपाईच्या कॅमेऱ्याला निळी रेघ दिसत नसे आणि सांधे पांढऱ्या रंगाने झाकले की तेही दिसत नसत. छापून आलेले पान अखंड भासे. कोलाजची सर्व हत्यारे येथे होती, आणि त्याचा आत्मा तेवढा बाजूला ठेवलेला होता, कारण या धंद्याची सारी प्रतिष्ठा सांधा न दिसण्यावर अवलंबून होती. स्वस्त भाड्याच्या आशेने दूरच्या उपनगरांत राहून रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या ज्या असंख्य आर्टिस्टांनी उमेदीची वर्षे या कामात घातली, त्यांची चित्रकला रविवारपुरती उरली, याची हळहळ वाटते. पण कात्री, कटर आणि गोंद यांवरची त्यांची हुकमत ही या प्रदेशाच्या कलेतिहासाची न मोजलेली पुंजी आहे, हेही तितकेच खरे.

आता उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या मोकळ्या रानात सरकारने सैन्यासाठी जी छावणी बांधली, तीत दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. युद्ध संपले, छावणी ओस पडली, आणि फाळणीनंतर कराचीहून आगबोटींनी मुंबईस उतरलेल्या सिंधी निर्वासितांपैकी लाखाच्या आसपास माणसे या बराकींत आणून ठेवण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. तरी पत्ता सांगताना लोक आजतागायत कॅम्प नंबर एक ते पाच असाच सांगतात.

सैनिकांच्या पलटणीसाठी बांधलेली एक लांबच लांब खोली, तीत अनेक कुटुंबे, आणि दोन कुटुंबांच्या मध्ये गोणपाटाचा किंवा जुन्या चादरीचा पडदा: हे या नगराचे पहिले वास्तुशिल्प. पडद्याची जागा पुढे फळ्यांनी घेतली, फळ्यांची पत्र्याने, पत्र्याची विटांनी. बराकीपुढे ओटा आला, ओट्यावर दुकान आले, दुकानावर माळा आला, आणि क्रमाक्रमाने मूळची बराक नव्या बांधकामाच्या पोटात दिसेनाशी झाली. ज्यांची शेतीवाडी, हवेल्या आणि दुकाने सिंधमध्ये राहिली होती, त्यांच्यापाशी त्या मालमत्तेचे कागद किंवा कागदांच्या नकला तेवढ्या होत्या, आणि निर्वासितांच्या मालमत्तेच्या दाव्यांसंबंधीच्या १९५० च्या कायद्यानुसार क्लेम दाखल करण्यासाठी तेच कागद कचेऱ्यांतून फिरत होते. हरवलेल्या घराची किंमत कागदाच्या तुकड्यांवरून ठरवून घेणारी ही माणसे दिवसा पापड, मिठाई, कापड असा मिळेल तो व्यापार करीत. पुढे कापड शिवण्याच्या धंद्याने येथे असा जोर धरला की, जीन्सचे उल्हासनगर अशी त्याची ख्याती झाली. कापडाचे थरावर थर अंथरून कटिंग मास्तर खडूने खुणा करतो आणि यंत्राची पाती त्या थरांतून फिरते, तेव्हा विजारीचे भाग एका बाजूला पडतात आणि चिंध्यांचा ढीग दुसऱ्या बाजूला. त्या निळ्या चिंध्यांच्या आकारांत विजारीचे सगळे बाह्यरूप उलटे उमटलेले असते. चित्रकाराच्या नजरेने हा ढीग पाहिला पाहिजे.

उल्हासनगर या नावाचे चित्र २००१ साली काढले सुधीर पटवर्धन यांनी. १९४९ साली पुण्यास जन्मलेले, सांगलीत वाढलेले, पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेले पटवर्धन १९७५ पासून ठाण्यात स्थायिक आहेत, आणि २००५ पर्यंत त्यांनी तेथे क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला. चित्रकलेचे रीतसर विद्यालयीन शिक्षण त्यांनी घेतलेले नाही. १९७९ साली दिल्लीत अल्काझींच्या 'आर्ट हेरिटेज' या कलादालनात त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले, आणि १९८१ साली भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, नलिनी मलानी व जोगेन चौधरी यांच्यासह 'प्लेस फॉर पीपल' या गाजलेल्या प्रदर्शनात ते सहभागी होते. चित्रात माणसाला आणि त्याच्या जागेला पुन्हा स्थान द्यावे, हा त्या प्रदर्शनाचा आग्रह होता. आणि एका बिंदूतून दिसणाऱ्या दृश्याऐवजी अनेक बिंदूंतून रचलेले दृश्य, जसे सिएनाच्या नगरसभागृहात लोरेन्झेत्तीने १३३८-३९ साली भिंतीवर रंगवले, किंवा आपल्या लघुचित्रकारांनी पोथ्यांच्या पानांवर रंगवले, त्याची ओढ त्या मंडळींपैकी काहींना उघडच होती.

पटवर्धन चित्रफलकावर कागद चिकटवणारे कलावंत नव्हेत; त्यांचे साधन तैलरंग आणि अॅक्रिलिक. तरीही त्यांची कार्यपद्धती कोलाजच्या जातीची आहे, असे माझे मत आहे. रस्त्यांवर, पुलांवर, स्थानकांवर हिंडून केलेली रेखाटने, प्रसंगी छायाचित्रे, आणि या सर्वांवर कुरघोडी करणारे स्मरण, एवढी सामग्री घेऊन ते चित्रशाळेत येतात, आणि तेथे तिची जुळणी होते. 'लोअर परळ' हे २००१ सालचेच चित्र किंवा त्याच्या आगेमागेची शहरचित्रे पाहताना नजर एके ठिकाणी वरून खाली उतरते, तर वीतभर अंतरावर ती रस्त्याच्या पातळीवर येऊन पोहोचते. एक इमारत आपल्याकडे तोंड करते, दुसरी पाठ फिरवते. आणि या दोन दृष्टिकोनांच्या मध्ये कोठेतरी एक सांधा असतो, जो त्यांनी मिटवलेला नसतो. उपनगरात राहणाऱ्या माणसाला आपले गाव असेच ठाऊक असते. पुलावरून दिसलेले, रिक्षातून दिसलेले, गॅलरीतून रोज दिसणारे, अशा दृश्यांची त्याच्या मनात जी गोळाबेरीज असते, तिलाच तो आपले गाव म्हणतो.

त्यांच्या व्यवसायाचा आणि या पद्धतीचा संबंध पुष्कळदा देह या विषयाच्या अंगाने सांगितला जातो. मला त्यात एक निराळी गोष्ट महत्त्वाची वाटते. क्ष-किरणाची फिल्म सपाट असते. छातीच्या पुढचे आणि पाठीचे, वरचे आणि आतले, सर्व त्या एका पृष्ठावर एकमेकांवर पडते. म्हणून हाड मोडले आहे की नाही, आणि मोडले असल्यास कोणत्या दिशेने सरकले आहे, हे ठरवण्यासाठी तज्ज्ञ एकाच फिल्मवर कधी विसंबत नाही. एक समोरून आणि एक बाजूने, अशा निदान दोन फिल्म तो काढायला लावतो, त्या उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी टांगतो, आणि दोहोंवरून तिसरे, कोठेच न छापलेले, असे सत्य मनात रचतो. समोरच्या फिल्ममध्ये हाड सरळ दिसते आणि बाजूच्या फिल्ममध्ये ते दुभंगलेले असते, असे प्रसंग नित्याचे. तीस वर्षे रोज हे काम करणाऱ्या मनुष्याने शहराकडे पाहताना एका जागेवरून घेतलेल्या दृश्याची साक्ष पुरेशी मानली नाही, यात आश्चर्य ते काय? अंबरनाथच्या आलेखकारांनी १८६८ साली जे अचूकपणासाठी केले, ते पटवर्धनांनी अनुभवाच्या खरेपणासाठी केले. या दोन प्रयत्नांमध्ये परंपरेचा धागा मी दाखवू पाहत नाही, तसा तो नाहीही. परंतु एकाच मुलखाने दोघांकडून एकाच प्रकारची मागणी केली, असे म्हणायला माझ्या मते जागा आहे.

२०१९ च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नॅन्सी अदजानिया यांच्या संयोजनाखाली पटवर्धनांचे सिंहावलोकी प्रदर्शन भरले. चाळीसहून अधिक वर्षांचे काम तेथे एकत्र आले होते, आणि ठाणे-कल्याण पट्टा हा आधुनिक भारतीय चित्रकलेचा एक मुख्य विषय आहे, ही गोष्ट त्यामुळे निर्विवाद झाली.

प्रत्यक्ष चिकटवण्याच्या कलेचे मराठी भाषकांतील दोन थोर साधक या मुलखाबाहेरचे आहेत. त्यांचा उल्लेख केल्याखेरीज पुढे जाणे योग्य नव्हे. इंदूरचे विष्णू चिंचाळकर, ज्यांना सारे गुरुजी म्हणत, ते कलाशिक्षक देवळालीकरांच्या तालमीत तयार झालेले कसबी चित्रकार. पण त्यांनी पुढे फाटका कागद, वाळकी पाने, मोडक्या वस्तू यांत दडलेले आकार ओळखण्याला आपली कला मानले, आणि शक्य तो त्या वस्तूला कात्री लावायची नाही, फक्त तिची जागा बदलायची, असा संयम पाळला. मोहन सामंत हे दुसरे. मुंबईत जन्मलेले, सारंगी वाजवणारे हे चित्रकार १९६८ साली न्यूयॉर्कला कायमचे गेले, आणि तेथे कागदी कात्रणे, तारेच्या आकृत्या आणि रंगांचे जाड थर यांचा त्यांनी एकाच फलकावर संसार मांडला. एकाने वस्तूला बोलू दिले, दुसऱ्याने तिच्याकडून बोलवून घेतले. माझा कल पहिल्याकडे आहे, परंतु तो रुचीचा प्रश्न झाला.

अंबरनाथच्या देवालयाच्या परिसरात अलीकडे कला महोत्सव भरतो, तरुण चित्रकार तेथे बसून लोकांसमक्ष रंगकाम करतात, आणि ते पाहायला तिन्ही नगरांतून माणसे लोटतात, ही आनंदाची गोष्ट होय. त्या तरुणांना माझी एक विनंती आहे. देवालयाचे सुंदर कोनातून काढलेले चित्र जरूर काढावे. परंतु त्याबरोबर विमको नाक्यावरचे जुने छाप, कॅम्प पाचमधल्या निळ्या चिंध्या, बराकीच्या उरल्यासुरल्या भिंतीचा कागदावर घासून घेतलेला ठसा, बदलापूरच्या शेवटच्या भातखाचरांची रेखाटने, हेही गोळा करावे, कारण या वस्तू आज आहेत आणि पुढच्या पिढीला त्या मिळणार नाहीत. आणि प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर, तो कोठे मिळाला ते ठिकाण आणि त्या दिवसाची तारीख, ठळक अक्षरांत लिहून ठेवावी.